हरल्यावरचा चहा

दौंडला गेले की मी स्टेशनबाहेर रिक्षा करत नाही. चालत निघते, आणि पाय आपोआप मैदानाकडे वळतात. मैदान उरलंय म्हणायचं इतकंच. एका कडेला गाड्या लावतात, दुसऱ्या कडेला वेडी बाभूळ माजली आहे. फुटबॉलच्या गोलाचे दोन खांब मात्र अजून उभे आहेत, गंजलेले. परवा गेले तर त्यातल्या एकाला शेळी बांधलेली होती. मी जरा जवळ जाऊन उभी राहिले, तर तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. आमच्या टीमला प्रेक्षकांची अशी वागणूक नवी नव्हती.

पलीकडून रूळ जातात ते तसेच आहेत. गाडी गेली, पण धूर नाही, वास नाही. माझ्या लहानपणी आणि तरुणपणी दौंडला हवा म्हणून जे काही होतं त्यात निम्मा कोळसा होता. वाळत घातलेल्या चोळीवर काळे कण बसायचे, दुधावरच्या सायीवर बसायचे. ओल्या राखेचा, गरम तेलाचा आणि वाफेचा असा एक मिळून वास शेडकडून यायचा आणि त्यावरून वाऱ्याची दिशा कळायची. रविवारी त्यात आणखी दोन वास मिसळायचे. एक, मैदानावर आखलेल्या चुन्याचा, आणि दुसरा, कातडी चेंडूला चोळलेल्या खोबरेलाचा. चेंडू शनिवारी रात्री आमच्या घरात असायचा, कारण आमचे आप्पा टीमचे मॅनेजर होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, मॅनेजर कसे झाले ते मला नीट ठाऊक नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते होतेच. त्यांनी स्वतः आयुष्यात चेंडूला लाथ मारली असेल की नाही, शंकाच आहे. ते इंजिन शेडमध्ये कामाला होते. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर आणि कुठला फायरमन जाईल, ते लावायचं त्यांचं काम. आठवडाभर माणसं गाड्यांवर पाठवायची आणि रविवारी जी उरतील त्यांतून अकरा मैदानावर पाठवायची, असा एकूण कारभार. उरलेल्यांतून निवडलेली टीम जशी खेळेल तशी आमची टीम खेळायची. जिंकलो की सगळे परस्पर स्टेशनसमोरच्या हॉटेलात भजी खायला जायचे, आमच्याकडे कुणी फिरकायचं नाही. हरलो की मात्र अख्खा जमाव मैदानावरून थेट आमच्या क्वार्टरच्या दारात.

ही चाल आईनं पाडली. एकदा अशीच मोठी हार झाली आणि दारात येऊन माणसं तावातावानं बोलायला लागली. आप्पा उंबऱ्यात खाली मान घालून उभे. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आली आणि म्हणाली, "उभ्यानं कशाला शिव्या देता? आत या, बसा, चहा घ्या आन् मग द्या." माणसं ओशाळली, पण आत आली. तेव्हापासून तो नियमच झाला. पायातलं बाहेर काढायचं, चहाचा गिलास हातात घ्यायचा, आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. आप्पांनी मधे बोलायचं नाही.

आमच्या गावाकडे वरच्या आळीतली माणसं आमच्या घरचं पाणी पीत नसत. हे मी लहान असतानाही बघितलं होतं आणि त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नव्हता. इथं तशाच आळ्यांमधून रेल्वेत लागलेली माणसं आमच्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून, आमच्या गिलासातला चहा भुरके मारत पीत होती आणि माझ्या बापाला नावं ठेवत होती. आई म्हणायची, "ठेवू दे की. बसून ठेवतायत ना." तिचं ते वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

बोलण्यात पहिला मान बाबूमामांचा. बाबूमामा रेल्वेत नव्हते. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि टीमचे सदरे तेच शिवायचे. प्रत्येक खेळाडूच्या छातीचं माप आपण घेतलंय, तेव्हा कुणात किती दम आहे ते आपल्यालाच ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

"आप्पा, तुमी त्या सेंटर फॉरवर्डला कशाच्या जिवावर ठेवलाय?" ते सुरू करायचे. "मी माप घेतलंय त्याचं. श्वास भरून घे म्हणलं तर खोकला काढला गड्यानं. आन् तुमी त्याला पुढं पळवताय."

मग बाकीचे. कुणी म्हणे चेंडूत हवा जास्त झाली, सायकलच्या पंपानं भरल्यावर दुसरं काय होणार. कुणी म्हणे नदीकडचं वारं फिरलं. कुणी म्हणे पोरं सकाळी मटणावर आडवा हात मारून आली होती, पळतील कशी. एकदा हाफ टाइमनंतर म्हैस मैदानात शिरली होती, तर तीन आठवडे प्रत्येक हारीला तीच म्हैस कारण होती. पण फिरून फिरून गाडी एकाच जागी यायची, ती रहीमवर.

रहीम फायरमन होता आणि आमचा खरा गोली. इंजिनात फावड्यानं कोळसा टाकून टाकून त्याचे हात असे झाले होते की चेंडू त्यात गेला की गेला. पण तो रविवारी दौंडात असेल तर ना. निम्म्या वेळा तो मनमाडच्या वाटेवर कुठल्यातरी मालगाडीवर असायचा, आणि त्याला तिथं पाठवणारे आप्पाच.

"ड्युटी तुमच्या हातात, टीम तुमच्या हातात," बाबूमामा कपाळाला हात लावायचे. "एक रविवार त्याला रेस्ट दिली तर काय रेल्वे बंद पडंल व्हय?"

यावर मात्र आप्पा बोलायचे. दरवेळी तेच, हळू आवाजात. "त्याच्या जाग्यावर दुसरा जाईल. त्यालाबी रविवार हाय."

मग सगळे एकदम बोलायला लागायचे आणि मी चहाचं दुसरं आधण ठेवायची. त्या वेळी मला या माणसांचा असा राग यायचा. नळावर, रेशनच्या रांगेत, कुठंही उभं राहावं तर "मॅनेजरची पोरगी" म्हणून कुणीतरी टीमचा जाब मलाच विचारायचं. आप्पांना ज्या शिव्या बसायच्या त्यातल्या निम्म्या मी परतवून लावलेल्या आहेत आणि काही नव्या दिलेल्या आहेत.

मग आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला टीम सगळी आली, बाबूमामा आले, आणि नंतर घर रिकामं झालं. आप्पा मुळातच कमी बोलणारे, ते आता बोलेनासेच झाले. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे, कंदिलाची काच उगाच पुसत बसायचे, वीज असतानासुद्धा. मी काही विचारलं तर "हूं". आमच्या दोन खोल्यांत तेव्हा स्टोव्हचा आवाज काय तो आवाज होता.

असे काही रविवार गेले आणि टीम हरली. मी ऐकलं, दाराबाहेर चपलांचा आवाज. उंबऱ्याशी येऊन सगळे थांबले होते. आत यावं की नाही कळत नव्हतं त्यांना. मी दारात गेले आणि आईसारखंच म्हणाले, "उभ्यानं कशाला? आत या." बाबूमामांनी गिलास हातात घेतला, घोटभर चहा पिऊन घेतला आणि जरा घाबरतच म्हणाले, "आप्पा, तो फुलबॅक काय कामाचा न्हाई." आणि आप्पा म्हणाले, "का? आज त्यानं दोनदा वाचवलं की." नियम मोडून बोलले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं. स्वयंपाकघरात जाऊन मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

तेव्हापासून माझा देवाधर्मावर विश्वास नसताना मी रविवारी दुपारी मनातल्या मनात मागायला लागले, की हरू दे. हे मी कुणाला सांगितलं नाही. टीमनं मला फार वेळा निराश केलं नाही.

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. स्थळ शिरूरचं होतं, माणसं साधी, मुलगा शाळेत शिकवायचा. लग्न वैशाखात धरलं. सगळे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. मी रात्री भाकरी थापताना विचार करायची, की मी गेल्यावर या घरात कोण? एक माणूस, एक स्टोव्ह आणि पुसायला कंदील. मग मनाशी म्हणायची, हरल्यावर येतील की माणसं. तेवढाच आधार होता आणि तोही आमच्या फुलबॅकच्या पायांवर अवलंबून.

आणि तेवढ्यात आप्पांनी तोच काढून घ्यायची गोष्ट केली. शिमग्याच्या आधी शिरूरशी मोठी मॅच असायची, त्या मॅचच्या आधीच्या रविवारी आम्ही हरलो होतो. गरमागरमी झाली आणि कुणीतरी म्हणून गेलं, "आता मॅनेजरच बदलाया पायजे." असं पूर्वीही म्हणायचे. पण त्या दिवशी आप्पा म्हणाले, "बरं. शिरूरकडनं हरलो तर मी सोडतो."  आप्पा एकदा बोलले की बोलले, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा आमची टीम जिंकावी म्हणून मनापासून मागणं मागितलं.

शिरूरची टीम कांद्याच्या ट्रकमधून आली. खेळाडूंच्या केसांत कांद्याची टरफलं अडकलेली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मॅनेजर, धोतर-टोपीतले एक म्हातारे मास्तर. शिरूरच्या वाटेवरच्या न्हावऱ्याहूनही माणसं आली होती, कारण न्हावऱ्याचा किसन आमच्याकडून खेळत होता. किसन शेडात खलाशी, पडेल ते अंगमेहनतीचं काम करणारा. मूळचा कबड्डीचा गडी, पकडीला त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. रहीम नसला की आप्पा त्यालाच गोलात उभा करायचे.

पण त्या दिवशी रहीम येणार होता. मालगाडी नगरहून वेळेवर सुटल्याचं आप्पांनी सकाळीच शेडातून विचारून घेतलं होतं. तीनला दौंड, चारला मॅच. त्यांनी रहीमचं नाव धरून टीम लावली, इतकं की बाबूमामांनी शिवलेला नवा सदरा त्यालाच मिळावा म्हणून किसनला जुनाच घालायला दिला आणि सांगितलं, "तू नुसता सुरुवातीला उभा राहा." मालगाडीला वेळ नसते, हे दौंडचं शेंबडं पोरही सांगेल. सारी हयात शेडात घालवलेल्या आप्पांनाच त्या दिवशी त्याचा विसर पडला.

चार वाजले, गाडी नाही. हाफ टाइम झाला, एकास एक गोल, गाडी नाही. मग धूर दिसला. लोक ओरडायला लागले, "आली, आली." आली खरी, पण मैदानापलीकडच्या सिग्नलला येऊन उभी राहिली. सिग्नल पडेना. पुढं यार्डात जागा नव्हती. इंजिन आमच्या समोर, चेंडू जोरात मारला तर लागेल इतक्या अंतरावर, आणि त्यात रहीम, काळाठिक्कर, दांडीला धरून बाहेर झुकलेला. त्याचा ड्रायव्हर वरूनच खेळाडूंना सूचना द्यायला लागला.

"उतर की रं," सगळं मैदान ओरडत होतं. "रहीम, मार उडी."

रहीमनं आप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसरा घट्ट धरून ठेवला. रेल्वेच्या माणसाला हात हलला की तो इशारा वाटतो. आप्पांनी आपला हात हलू दिला नाही. रहीम तिथंच झुकून उभा राहिला, इंजिन नुसतं फुसफुसत होतं.

संपायला थोडाच वेळ राहिला होता, तेव्हा शिरूरचा एक उंच पोरगा सगळ्यांना चुकवून एकटाच गोलाकडे आला. किसन पुढं धावला. चेंडू त्याच्या बाजूनं गेला, तिकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तो खाली वाकला आणि त्यानं पोराचा घोटा पकडला. अशी सुंदर पकड, की पोरगा जागच्या जागी बसला. न्हावऱ्याची माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली. किसन घोटा सोडायलाच तयार नाही, मधल्या रेषेकडे बघतोय, गडी बाद झाला का म्हणून. रेफ्रीनं शिट्टी मारली. पेनल्टी, गोल, मॅच गेली. आणि थोड्या वेळानं सिग्नल पडला.

त्या संध्याकाळी सगळे आले. शिरूरचे लोकसुद्धा, कारण त्यांचा ट्रक पंक्चर झाला होता आणि आप्पा स्वतःच म्हणाले, "तवर चहा घ्या." आमच्या दोन खोल्यांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. घामाचा, कांद्याचा आणि कोळशाचा वास एकत्र कोंडला होता. रहीम तसाच, तोंड न धुता, इंजिनावरून थेट आला होता. किसन दाराशी तोंड पाडून बसला होता. मी गिलास भरत होते आणि हा शेवटचा चहा आहे हे मला कळत होतं.

"मालगाडीवर भरवसा ठेवलात आप्पा," बाबूमामा म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता. "शेडात राहून तुमी."

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले.

"नुसता हात केला असता तर मी उडी मारली असती," रहीम म्हणाला.

"ठावं हाय. म्हणून तर केला न्हाई." आप्पांनी गिलास खाली ठेवला. "बोललो होतो तसं, आजपासनं मी सोडलं. तुमी दुसरा बघा."

 तेव्हा शिरूरचे मास्तर घसा खाकरून म्हणाले, "तुम्हाला नको असतील तर यांना आम्हाला द्या. आमच्यात जिंकल्यावरसुद्धा कुणी कुणाच्या घरी जात नाही."

बाबूमामांनी मास्तरांकडे असं बघितलं, जसं त्यांच्या दुकानातून कुणी मशीनच उचलून न्यायला आलंय.

"आमी कवा म्हणलो नको?" ते म्हणाले.

"आत्ताच तुम्ही—"

"ते आमचं आमच्यात हाय. मॅनेजर आमचा, बोलू बी आमीच. आता नवा माणूस आणायचा, त्याच्या चुका पहिल्यापास्नं शिकायच्या, कुणाला येवढा वेळ हाय? आप्पा, तुमी काय सोडत न्हाई. गपचीप चहा प्या."

"मी शब्द दिलाय," आप्पा म्हणाले.

"आमी कुठं घेतला तो? घेतला का रं कुणी?" बाबूमामांनी सगळ्या खोलीला विचारलं. कुणी घेतलेला नव्हता.

आप्पांनी खाली ठेवलेला गिलास पुन्हा उचलला. मग मान वर करून म्हणाले, "बरं. मग पुढल्या रविवारी गोलात कोण?"

इतकी वर्षं टीम कशी लावावी हे सांगणारी ती सगळी तोंडं एकदम बंद झाली. कुणी छताकडे बघतंय, कुणी गिलासाच्या तळाकडे. दारातून किसन म्हणाला, "मी न्हाई." आणि आप्पा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मी चहाचं भांडं घेऊन आत पळाले.

त्या मैदानावर परवा शेळीशेजारी उभी राहून मी त्या सगळ्यांची आठवण काढली. आता त्यांतलं फारसं कुणी नाही, आप्पाही नाहीत. ज्यांचा मी इतका राग राग केला त्या माणसांचे उपकार मी कशानं फेडू, मला कळत नाही. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत होतं असं मला आजही वाटत नाही. पण एका माणसाला एकटं पडू द्यायचं नाही, हे त्यांना न सांगता कळत होतं.

वैशाखात लग्न होऊन मी शिरूरला आले. पहिले काही आठवडे मी कामात असायची आणि कान दाराकडे असायचे. दौंडहून काही निरोप नाही. एका सोमवारी दुपारी दार वाजलं. बघते तर बाबूमामा, बाजारातून घेतलेल्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर, उन्हानं लाल झालेले. आत या म्हणायचंही मी विसरले. सासूबाईही चुलीपासून उठून आल्या.

"पोरी, काळजी करू नगंस," बाबूमामा म्हणाले. "काल बी हरलो."

"माणसं आली होती?" मी विचारलं.

"गिलास कमी पडले. शेजारनं आणले."

"आणि चहा कुणी केला?"

"आप्पांनी. साखर इसरले." गठ्ठा त्यांनी उंबऱ्यावर टेकवला. "टीमवर बोललो आमी अंधार पडंपतुर. चहाबद्दल कुणी चकार शब्द काढला न्हाई."

मी पदर तोंडाला लावला आणि दारातच खाली बसून रडायला लागले. सासूबाई घाबरल्या. माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "अगं काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "आमची टीम हरली."